लूप स्वच्छ, तरी रात्री लिंकवर एरर: ऑप्टिकल मक्सच्या लिंकवर लूप टेस्ट नीट कशी करावी

तक्रार एकच, पण पुन्हा पुन्हा येणारी. रात्री ऑप्टिकल मक्सच्या (अनेक सर्किटं एकत्र करून फायबरवरून पाठवणाऱ्या यंत्राच्या) लिंकवर एरर येतात, म्हणजे बिट चुकीचे पोचतात. टाय-लाइनवर (दोन एक्स्चेंज जोडणाऱ्या फोन लाइनवर) बोलताना टकटक आवाज होतो, आरटीयूचा (दूरची मोजमापं पाठवणाऱ्या यंत्राचा) डेटा तुटक येतो. सकाळी माणूस जातो, समोरच्याकडून लूप (सिग्नल परत फिरवणारा जोड) मागतो, मीटर लावतो, एकही एरर नाही. रजिस्टरमध्ये ‘लूप टेस्ट ओके, निरीक्षणाखाली’ असं लिहून तक्रार बंद होते. तिसऱ्या किंवा चौथ्या रात्री पुन्हा तीच तक्रार.

कुंभार्ली घाट उतरून कोकणात जाणाऱ्या आमच्या एका एसटीएम-१ (१५५ एमबीपीएसच्या) लिंकवर हे जवळजवळ अडीच महिने चाललं. खालच्या टोकाचं ऑप्टिकल कार्ड दोनदा बदललं, ओटीडीआर (फायबरमध्ये तोटा कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) दोनदा लावला, रेक्टिफायरचं (मक्सला डीसी वीज पुरवणाऱ्या युनिटचं) व्होल्टेज रात्रभर नोंदवलं. शेवटी दोष सापडला तो लूप टेस्टनेच. पण आधीचे अडीच महिने आम्ही ज्या पद्धतीने लूप टाकत होतो, त्या पद्धतीने तो कधीच सापडला नसता. अशा लिंकवर काम करणारे माझे बरेच सहकारी आजही लूप तसाच टाकतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

लूप नेमका काय सांगतो

लूप म्हणजे जाणारा सिग्नल वाटेत कुठेतरी परत फिरवायचा आणि तो कसा परत येतो ते बघायचं. परत आलेला सिग्नल स्वच्छ असेल तर मीटर आणि लूप यांच्यामधला भाग त्या वेळी, त्या परिस्थितीत चांगला आहे. लूपच्या पलीकडे काय चाललं आहे, याबद्दल तो एक अक्षरही सांगत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी ‘लूप ओके’ लिहिताना लूप नेमका कुठे होता, कोणत्या दिशेने तोंड करून होता, हे लिहायचं राहून जातं. पुढच्या माणसाला ती नोंद मग काहीच उपयोगाची नसते.

आमच्या लिंकचा रस्ता असा आहे: टेलिफोन एक्स्चेंज किंवा आरटीयू, तिथून डीडीएफ (तांब्याच्या केबल जोडायची चौकट), डीडीएफवरून मक्सचं ई-१ (२.०४८ एमबीपीएसच्या सर्किटचं) कार्ड, मग क्रॉस-कनेक्ट (कोणतं सर्किट कुठे जाईल ते ठरवणारा भाग), मग ऑप्टिकल कार्ड, पॅचकॉर्ड (फायबरची छोटी जोडकेबल), ओडीएफ (फायबर जोडायची चौकट), बाहेरची केबल, आणि पलीकडच्या टोकाला हेच सगळं उलट क्रमाने. यातल्या प्रत्येक जोडावर लूप टाकता येतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याला दोन दिशा असतात. डीडीएफवर बीएनसीचा (कोअॅक्स केबलच्या कनेक्टरचा) तुकडा एक्स्चेंजच्या बाजूला लावला तर एक्स्चेंजला स्वतःचाच सिग्नल परत मिळतो. तोच मक्सच्या बाजूला लावला तर समोरच्या टोकाचा सिग्नल त्याच्याकडे परत जातो. एक्स्चेंजच्या बाजूला लूप दिल्यावर तिथला एलओएस (सिग्नलच येत नसल्याचा अलार्म) गेला, तर एक्स्चेंजपासून डीडीएफपर्यंतची केबल ठीक आहे. पीआरआय (ई-१ वर चालणारी एक्स्चेंजची फोन-जोडणी) मात्र लूपवर उभी राहणार नाही, कारण तिला पलीकडे दुसरी बाजू लागते आणि इथे स्वतःचेच संदेश परत येत असतात. काही नवीन मुलं ती उभी राहिली नाही म्हणून पोर्ट खराब ठरवतात. लूपवर फक्त एलओएस, एआयएस (पलीकडे बिघाड असल्याचा अलार्म) आणि फ्रेम (बिटांची ठरावीक मांडणी) एवढंच बघावं.

दुसरा फरक हार्ड आणि सॉफ्ट लूपचा. हार्ड लूप म्हणजे हाताने लावलेली पॅचकॉर्ड किंवा बीएनसी. सॉफ्ट लूप म्हणजे एनएमएसवरून (सगळे मक्स दुरून हाताळणाऱ्या संगणकावरून) किंवा लॅपटॉपवरून दिलेली आज्ञा. सॉफ्ट लूप सोयीचा असतो, पण तो कार्डाच्या आत कुठे फिरतो ते त्या कार्डाच्या पुस्तिकेतून बघून घ्यावं. पोर्टवरच्या सॉफ्ट लूपमध्ये बाहेरचा कनेक्टर, क्रिंपिंग, क्रोनची (तारा दाबून बसवायची) पट्टी यातलं काहीच तपासलं जात नाही. आणि ई-१ च्या तक्रारींत निम्मं दुखणं याच जागी असतं: सैल बीएनसी, तुटत आलेली मधली तार, कोकणातल्या दमटपणात हिरवट पडलेली पट्टी.

लूप टाकण्याआधी

हा भाग कोणी वगळू नये, कारण इथली चूक मूळ बिघाडापेक्षा महाग पडते.

त्या मार्गावर काय काय चाललं आहे ते आधी लिहून काढा. एका एसटीएम-१ वर ६३ ई-१ बसतात. एका ई-१ च्या तक्रारीसाठी ऑप्टिकल बाजूला लूप दिला तर बाकीचे सगळे बंद पडतात. वीज उपकेंद्रांमधल्या लिंकवर लाइन डिफरन्शियल प्रोटेक्शनची (वीजलाइनच्या दोन टोकांचे प्रवाह ताडून बिघाड ओळखणाऱ्या संरक्षणाची) वाहिनी असू शकते. तिथे लूप पडला तर रिलेला समोरच्या टोकाच्या प्रवाहाऐवजी स्वतःचाच प्रवाह परत मिळतो, आणि पत्ता तपासण्याची सोय नसलेला किंवा ती बंद ठेवलेला रिले त्यावरून चालू लाइन ट्रिप करू शकतो. म्हणून प्रोटेक्शनच्या माणसांनी दोन्ही टोकांना ती योजना बंद केल्याचं स्पष्ट सांगेपर्यंत अशा वाहिनीला हात लावायचा नाही. फोनवर नुसतं ‘चालेल’ ऐकू आलं, एवढ्यावर जाऊ नये. परवानगीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्यावी.

इथरनेट चालत असेल तर दोन्ही टोकांचे स्विच आधी काढून ठेवा. इथरनेट वाहून नेणाऱ्या व्हीसीवर (एसटीएम-१ मधल्या कप्प्यावर) लूप दिला की स्विचने पाठवलेली फ्रेम त्याच पोर्टवर परत येते. ब्रॉडकास्ट फिरत राहतात, किंवा स्विच लूप ओळखून तो पोर्टच बंद करतो. मग लूप काढल्यावरही लिंक वर येत नाही आणि नवीनच शोध सुरू होतो.

एनएमएस समोरच्या मक्सपर्यंत कसं पोचतं तेही बघा. बहुतेक ठिकाणी ते त्याच फायबरवरच्या डीसीसी (मक्सला आज्ञा नेणाऱ्या) वाहिनीने पोचतं. समोरच्या ऑप्टिकल कार्डावर लूपची आज्ञा दिली की डीसीसीसुद्धा परत फिरते आणि समोरचा मक्स पडद्यावरून नाहीसा होतो. आता लूप काढण्याची आज्ञा पोचवायला वाटच नाही. अशा वेळी रात्री दोन वाजता कुणाला तरी गाडी घेऊन घाट उतरावा लागतो. म्हणून दूरच्या ऑप्टिकल पोर्टवर सॉफ्ट लूप द्यायचा तर वेळेची मर्यादा घालूनच, पाच किंवा दहा मिनिटांची. ती सोय नसेल तर समोर माणूस लॅपटॉपसह बसलेला हवा.

घड्याळाचंही तसंच. मक्स आपलं क्लॉक (बिट पाठवण्याचा ठेका) लाइनवरून घेत असेल आणि त्याच लाइनवर लूप दिला, तर तो स्वतःच्याच क्लॉकला लॉक होऊ बघतो आणि हळूहळू भरकटतो. टेस्टच्या वेळेपुरतं क्लॉक इंटर्नलवर घ्या, आणि नंतर ते परत मूळ जागी आणल्याची नोंद करा.

आणखी एक, राखीव मार्ग. रिंगमध्ये किंवा एसएनसीपीवर (आपोआप राखीव मार्ग घेणाऱ्या व्यवस्थेवर) असलेला ई-१ मुख्य मार्ग पडला की पन्नास मिलिसेकंदांच्या आसपास दुसरीकडून यायला लागतो. तुम्ही लूप टाकला, मीटर स्वच्छ, पण सिग्नल येतोय दुसऱ्याच रस्त्याने. टेस्टपुरतं स्विचिंग लॉक करा.

मीटर लावल्यावर

ई-१ वर मीटर २.०४८ एमबीपीएस, एचडीबी-३ (लाइनवरचा कोड), पॅटर्न (ठरलेला बिटक्रम) दोनचा पंधरावा घात वजा एक, असा लावतो. कोअॅक्स असेल तर ७५ ओहम, जोडीची तार असेल तर १२०. लूप मिळाल्यावर मी पहिली गोष्ट करतो ती म्हणजे मीटरवरून मुद्दाम एक एरर पाठवतो. ती एकच एरर मोजली गेली पाहिजे. मग समोरच्याला लूप एक क्षण काढायला सांगतो, पॅटर्न गेला पाहिजे. परत लावायला सांगतो, पॅटर्न आला पाहिजे. या दोन गोष्टींना अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही, पण आपण बघतोय तो लूप खरंच समोरच्याने आत्ता लावलेलाच आहे, आधी कुणीतरी वाटेत विसरलेला नाही, हे पक्कं होतं. शेजारच्याच ई-१ वर लूप लावून तासभर भलत्याच सर्किटची टेस्ट झालेली मी पाहिली आहे.

आता वेळ. दोन मिनिटं शून्य एरर दिसल्या की ‘ओके’ म्हणायची सवय आहे. हिशेब करून बघा. दोन मिनिटांत ई-१ वरून साधारण २४.६ कोटी बिट जातात. लिंकवर शंभर कोटी बिटांत एक या प्रमाणात एरर असतील, तर दोन मिनिटांच्या टेस्टमध्ये पाचांतल्या जवळजवळ चार वेळा तुम्हाला शून्यच दिसेल. एका तासात ७३७ कोटी बिट जातात, चोवीस तासांत सुमारे १७,७०० कोटी. तक्रार तुटक असेल तर चोवीस तासांच्या टेस्टला पर्याय नाही. आणि ती तक्रार ज्या वेळी येते ती वेळ त्या चोवीस तासांत यायला हवी.

लूप पुढे कसा सरकवायचा, याबद्दल मत सांगतो. पुस्तकात जवळून सुरुवात करून एकेक टप्पा पुढे जा असं असतं. दोन्ही टोकांना माणसं असतील तर मी मधून सुरुवात करतो: समोरच्या मक्सच्या ई-१ कार्डावर, माझ्याकडे तोंड करून. स्वच्छ आला तर दोष त्याच्या डीडीएफच्या बाजूला. खराब आला तर दोन मक्सच्या मधे किंवा माझ्या बाजूला. मग माझ्याच ऑप्टिकल पोर्टवर लूप. दर वेळी शंकेचा भाग अर्धा होतो आणि तीन-चार लूपमध्ये जागा सापडते.

ऑप्टिकल लूप: इथे चुका जास्त

ऑप्टिकल कार्डाचा ट्रान्समिट त्याच्याच रिसीव्हला जोडताना नुसती पॅचकॉर्ड लावू नका. लांब पल्ल्याच्या एल-१.१ आणि एल-१.२ जातीच्या कार्डांतून उणे ५ ते ० डीबीएम (उजेडाच्या ताकदीचं माप, जितकं जास्त उणे तितका उजेड कमी) एवढा उजेड निघतो, आणि त्यांचा रिसीव्हर उणे १० डीबीएमच्या वर भरून जातो. थेट जोडल्यावर एरर दिसतात, ‘कार्डच खराब’ असा निष्कर्ष निघतो, आणि नशीब वाईट असेल तर रिसीव्हर खरोखर जातो. मधे अटेन्युएटर (उजेड ठरावीक प्रमाणात कमी करणारा तुकडा) हवाच. जवळच्या पल्ल्याच्या एस-१.१ ला ट्रान्समिट उणे १५ ते उणे ८ असल्यामुळे तिथे थेट पॅचकॉर्ड बहुधा चालून जाते, आणि तीच सवय मग लांबच्या कार्डावर नडते.

एकाच फायबरवर दोन्ही दिशा चालवणारे बायडी मॉड्यूल असतील तर पॅचकॉर्डने लूप होतच नाही. ते एका तरंगलांबीवर पाठवतात आणि दुसरीवर ऐकतात, १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशी जोडी. स्वतःचा उजेड त्यांना ऐकू येत नाही. तिथे सॉफ्ट लूपच.

कार्डावर ऑटोमॅटिक लेझर शटडाउन चालू असेल तर रिसीव्ह काढताच लेझर बंद होतो आणि ठरावीक वेळाने थोडा वेळ चालू होऊन बघतो. पॉवर मीटर लावला की काहीच दिसत नाही, म्हणून लेझर मेला असं वाटतं. थांबा, किंवा टेस्टपुरतं ते बंद करा. शटडाउन बंद असताना लेझर चालूच राहतो, तेव्हा कनेक्टरमध्ये डोळा लावून बघायचं नाही. हा उजेड दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं वाटतं, आणि धोका तिथेच आहे.

दूरच्या ओडीएफवर पॅचकॉर्डने लूप देऊन इकडून बघायचं, हे लांबच्या लिंकवर जमत नाही. आमचं उदाहरण घ्या. केबल ७२ किलोमीटर. १५५० वर किलोमीटरला ०.२२ डीबी (तोट्याचं एकक) धरले तर १५.८ डीबी. दोन-दोन किलोमीटरवर जॉइंट, म्हणजे ३५ जॉइंट, प्रत्येकी ०.१ धरून ३.५. कनेक्टरांचे २. एकूण साधारण २१. प्रत्यक्षात रस्तारुंदीकरणाच्या खोदाईत केबल इतक्या वेळा तुटली आणि जोडली की तोटा २७ डीबीवर गेलेला. ट्रान्समिट उणे २, खाली पोचतो उणे २९. खाली ओडीएफवर फायबरलाच लूप दिला तर उजेड तेवढाच तोटा सोसून परत येणार: उणे ५६. रिसीव्हरची क्षमता उणे ३४ पर्यंतची. एलओएस येणारच. आमच्याकडे एकदा त्या एलओएसवरून केबल तुटल्याचं ठरवून जॉइंटिंगची गाडी बाहेर काढली होती. फायबर शाबूत होता.

आमचा दोष कसा सापडला

आधी दिशा ठरवली, आणि त्यासाठी लूपची गरज नव्हती. मक्स दर पंधरा मिनिटांचे काउंटर ठेवतो. खालच्या टोकाला बी-२ एरर (येणाऱ्या सिग्नलमध्ये मक्सला स्वतः दिसलेल्या एरर) मोजल्या जात होत्या. वरच्या टोकाला स्वतःच्या बी-२ शून्य आणि फक्त एमएस-आरईआय, म्हणजे समोरचा सांगतोय की मला तुझ्याकडून खराब येतंय. तेव्हा वरून खाली जाणारा उजेडच बिघडत होता. संशयित तीन: वरचा ट्रान्समिट, तो एक फायबर, आणि खालचा रिसीव्ह. एलओएस कधीच नव्हता, म्हणून अलार्मच्या यादीत काहीच दिसत नव्हतं. लूप टेस्टमध्ये दोन्ही दिशा एकत्र मोजल्या जातात, त्यामुळे दिशा तिला कळत नाही. म्हणून काउंटर आधी वाचावेत.

मग वेळा बघितल्या. एरर साधारण संध्याकाळी साडेसहाला सुरू होत आणि सकाळी नऊच्या सुमाराला थांबत. सगळ्यांचा पहिला संशय खोलीतला एसी आणि व्होल्टेज. दोन्ही नीट निघाले. त्या जुन्या कार्डावर रिसीव्ह पॉवर पडद्यावर दिसत नाही, ती मीटर लावूनच मोजावी लागते, आणि मीटर लावायला माणूस नेहमी दिवसाच जायचा. वाचन दर वेळी उणे २९.

मी रात्री खाली गेलो. वर सहकारी एका मोकळ्या ई-१ वर मीटर लावून बसला होता. खालच्या कार्डावर त्याच्या दिशेने सॉफ्ट लूप द्यायचा म्हणून मी लॅपटॉप जोडायला रॅकचं दार उघडलं. लूप द्यायच्या आतच वरून फोन: ‘आरईआय थांबले.’ घड्याळात सात वाजून बावीस मिनिटं झाली होती. मी अजून एकाही केबलला हात लावलेला नव्हता.

दारावर संशय आला, आणि मी तो तिथेच तपासला. ओडीएफवर बाहेरचा फायबर काढून, कार्डाच्या बाजूला तोंड करून लूप दिला. कार्डाचा उजेड पॅचकॉर्डने ओडीएफपर्यंत यायचा, अटेन्युएटरमधून दुसऱ्या पॅचकॉर्डने परत कार्डात जायचा. क्लॉक इंटर्नलवर घेतलं, खालच्या डीडीएफवर मीटर लावला, दार बंद केलं. अर्धा तास, शून्य एरर. दार उघडून परत बंद, शून्यच. मी नोंद केली की दाराचा संबंध नाही. बाहेरचा फायबर परत जोडला आणि निघून आलो.

ती नोंद चुकीची होती. परतताना गाडीत हिशेब मांडल्यावर कारण कळलं. पेटीत होता तो अटेन्युएटर १५ डीबीचा. उणे २ मधून १५ गेले, कार्डाला मिळत होते उणे १७. उणे ३४ पर्यंत १७ डीबीची ऐसपैस जागा. खऱ्या लाइनवर मिळतात उणे २९, तिथे जागा फक्त ५ डीबीची. दारामुळे पाच-सहा डीबीचा तोटा होत असेल तर माझ्या लूपला तो जाणवणारच नव्हता. लाइनला मात्र तो बुडवत होता.

दुसऱ्यांदा जाताना फिरवून कमी-जास्त करता येणारा अटेन्युएटर नेला. दार उघडं ठेवून, रिसीव्हच्या पॅचकॉर्डचं टोक पॉवर मीटरला लावून, बरोबर उणे २९ येईपर्यंत फिरवला. मग तेच टोक कार्डाला, मीटर सुरू, पाच मिनिटं शून्य. दार बंद केलं आणि पहिल्या मिनिटातच एरर मोजल्या जायला लागल्या. उघडलं, थांबल्या. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच. त्यानंतर रिसीव्हचं टोक पॉवर मीटरला लावून मीटर रॅकच्या आतच ठेवला आणि दार लोटून फटीतून आकडा वाचला: उणे ३४.६.

टॉर्च लावून बिजागरीच्या बाजूला बघितलं. पिवळ्या पॅचकॉर्डची जास्तीची लांबी गुंडाळून रॅकच्या उभ्या पट्टीला बांधलेली होती. काही महिन्यांपूर्वी त्याच रॅकमध्ये नवीन रेक्टिफायर मॉड्यूल बसवताना ते भेंडोळं बाजूला सरकवलं गेलं असणार. त्यातला एक वेढा पट्टीच्या बाहेर आला होता, आणि दार लावलं की बिजागरी आणि पत्र्याच्या कडेमध्ये दाबला जायचा. त्या जागी वरचं पिवळं आवरण चपटं आणि चकचकीत झालं होतं, बोटाने चाचपल्यावर खाच लागत होती. संध्याकाळी ड्यूटीवरचा माणूस जाताना रॅकला कुलूप लावायचा, सकाळी बॅटरीचं वाचन घ्यायला नऊला दार उघडायचा. साडेसहा ते नऊ.

ओटीडीआरमध्ये हे का दिसलं नाही? कारण ओटीडीआर वरच्या टोकाकडून लावला होता. ७२ किलोमीटरसाठी रुंद पल्स घ्यावी लागते, त्यात शेवटचे काही मीटर वेगळे दिसत नाहीत. त्यातून दोन्ही वेळा टेस्ट दिवसा झालेली, दार उघडं असताना. कार्ड बदलूनही फरक का पडला नाही? दोन्ही वेळा तीच पॅचकॉर्ड परत लावली होती.

पॅचकॉर्ड बदलली, नवीन कॉर्ड बिजागरीच्या विरुद्ध बाजूने नेली, मोठ्या वेढ्यात गुंडाळली, कनेक्टर पुसून सूक्ष्मदर्शकाखाली बघून लावले. त्या रात्रीपासून काउंटर शून्य आहेत.

लूप स्वच्छ आणि पॅचकॉर्डही सरळ असेल तर

दुसरी एक तक्रार याच चेहऱ्याची असते. दर काही मिनिटांनी टाय-लाइनवर टक् असा आवाज, फॅक्सचं पान मधेच तुटतं, आणि कुठूनही लूप टाका, चोवीस तास शून्य एरर. इथे दोष बहुधा क्लॉकचा असतो. दोन्ही टोकांची एक्स्चेंज आपापल्या घड्याळावर चालत असतात. त्यांच्यात दहा लाखांत एक एवढा जरी फरक असला तरी सेकंदाला साधारण दोन बिट साचतात, आणि २५६ बिटांची एक फ्रेम दर १२५ सेकंदांनी गळते किंवा दुबार येते. लूपमध्ये मीटर स्वतःच पाठवतो आणि स्वतःच वाचतो, घड्याळ एकच. स्लिप, म्हणजे फ्रेमची ही गळती, त्याला दिसूच शकत नाही. अशा वेळी एक्स्चेंजवरचे स्लिप काउंटर वाचा, आणि एका टोकाला दुसऱ्याचं क्लॉक घ्यायला लावा.

लूप काढल्याची खात्री

लावलेला प्रत्येक लूप मी आता लाल पट्टीची चिठ्ठी बांधूनच लावतो. त्यावर वेळ, सर्किट आणि कोणाच्या सांगण्यावरून लावला ते असतं. टेस्ट संपल्यावर चिठ्ठी रजिस्टरमध्ये चिकटवतो. चिठ्ठी रजिस्टरमध्ये नसेल तर लूप अजून जागेवर आहे. राखीव मार्गावर विसरलेला लूप फार वाईट, कारण मुख्य मार्ग चालू असेपर्यंत तो कुणाला कळत नाही, आणि ज्या दिवशी केबल तुटते त्याच दिवशी कळतो.

विसरलेला लूप शोधायची सोपी युक्ती जे-१ आणि जे-२ ट्रेसमध्ये (सिग्नलसोबत जाणाऱ्या नावांमध्ये) आहे. दोन्ही टोकांना वेगवेगळी नावं भरून ठेवा. स्वतःच पाठवलेलं नाव परत आपल्याच रिसीव्हला वाचायला मिळालं, तर वाटेत लूप आहे. सगळे ट्रेस कारखान्यातल्या मूळ नावावरच सोडलेले असतात तिथे ही सोय हातात असून वापरता येत नाही. आमच्या विभागात आता प्रत्येक नवीन सर्किट सुरू करताना नाव भरल्याशिवाय रजिस्टरवर सही होत नाही.

घाटातल्या लिंकवर रिसीव्ह अजून उणे २९ च आहे, म्हणजे जागा पाचच डीबीची. ओटीडीआरवर तीन जॉइंट प्रत्येकी एक डीबीच्या वर दिसतात, तिन्ही खोदाईनंतर घाईत जोडलेले. पाऊस ओसरला की ते उघडून पुन्हा जोडायचे ठरले आहेत. तोवर खालच्या टोकाच्या रॅकला कुलूप लावल्यावर पंधरा मिनिटांनी काउंटर बघून मगच ड्यूटी सोडायची, असं तिथल्या माणसाशी बोलून ठरवलं आहे.